मधमाशीचे मेण: ओठांना हो, गालांना नको

कुंकू लावण्याआधी कपाळावर मेणाचे बोट फिरवायची पद्धत मराठी घरांतून आता जवळजवळ गेली. फणेरपेटीत पिंजरीच्या शेजारी मेणाची छोटी डबी असायची. बोटाच्या उबेने मेण मऊ व्हायचे, कपाळाला धरायचे, आणि त्यावर दाबलेली पिंजर दिवसभराच्या घामाला दाद द्यायची नाही. मधमाशीच्या मेणाचा सगळा स्वभाव त्या डबीत दिसतो. ते कातडीला धरून बसते, पाण्याने जात नाही आणि स्वतः कसलीही दुरुस्ती करत नाही. त्वचेसाठी त्याचे फायदे यातूनच निघतात, तोटेही यातूनच.

हे आधी सांगायचे कारण म्हणजे ‘बीवॅक्स’ लिहिलेल्या डब्यांवरचे दावे. ‘अ जीवनसत्त्वाने भरपूर’, ‘नैसर्गिक सनस्क्रीन’, ‘त्वचेचे पोषण’ असे काय काय लिहिलेले असते. मेणात मुख्यतः लांब साखळीचे एस्टर, म्हणजे मेदाम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेली संयुगे, असतात, सुमारे १४ टक्के हायड्रोकार्बन आणि जवळपास तेवढीच मोकळी मेदाम्ले. पिवळा रंग परागकणांतून आणि प्रोपोलिसमधून, म्हणजे माशा पोळ्याच्या फटी बुजवायला वापरतात त्या चिकट राळेतून येतो. त्या रंगाच्या भरवशावर त्वचेला जीवनसत्त्व मिळेल असे मानायला जागा नाही, आणि उन्हापासून संरक्षणाचा दावा तर सरळ सोडून द्यावा. मेण हे झाकण आहे. खाली ओल असेल तर ती टिकवते, खाली काही नसेल तर नुसतेच बसून राहते.

विकत काय मिळते

पहिली अडचण शब्दाची. दुकानात नुसते ‘मेण’ मागितले की मेणबत्तीचे पॅराफिन हातात पडण्याची शक्यता मोठी. काष्ठौषधींच्या दुकानात ‘मधाचे मेण’ किंवा ‘मधमेण’ म्हणावे. तिथे साधारणपणे गडद तपकिरी, धुराचा वास असलेला खडा मिळतो. हे बहुतेक आग्या माशीच्या जंगली पोळ्यांचे मेण. त्यात माशांचे पाय, पोळ्याचा चोथा, प्रोपोलिस असे सगळे असते. फर्निचरला, चामड्याच्या दोऱ्याला ठीक, पण गाळल्याशिवाय ओठांवर नको.

दुसरा प्रकार गाळलेल्या पिवळ्या वड्यांचा. त्वचेसाठी बनवायचे असेल तर आमची पसंती यालाच. मधाचा मंद वास, फिका ते हळदी रंग. तिसरा प्रकार पांढऱ्या दाण्यांचा, म्हणजे पेलेटचा. रंग उडवण्यासाठी ऊन, शोषक माती, कोळसा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. पांढऱ्या मेणात प्रोपोलिसचे अवशेष कमी असतात, म्हणून ज्यांना ॲलर्जीची भीती आहे त्यांनी हे घ्यावे. वास जवळजवळ नसतो आणि मोजायला सोपे जाते. मात्र भेसळही यातच सहज लपते, कारण पांढऱ्या पॅराफिनपासून नजरेने वेगळे ओळखायला काही उरत नाही.

सातेरी माशीचे, म्हणजे सह्याद्रीत पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माशीचे, मेण मिळाले तर उत्तम, पण ते थोडेच निघते. महाबळेश्वर परिसरात, २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेल्या मांघरमध्येही, पेट्यांतला मध यंत्राने काढून पोळे पुन्हा पेटीत ठेवतात. माशीला एक किलो मेण करायला साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असे धरतात, म्हणून शहाणा मधपाळ पोळे वितळवत नाही. त्याच्याकडे उरते ते फक्त कोठ्यांवरच्या झाकणांचे मेण, आणि ते सगळ्यात स्वच्छ असते.

भेसळ कशी धरायची

मेण किती जुने आहे यापेक्षा ते मेण आहे का, हा प्रश्न मोठा. सर्वाधिक भेसळ पॅराफिनची, त्याखालोखाल स्टिअरिक ॲसिडची किंवा चरबीची.

तुकडा मोडून पाहा. थंड असताना खरे मेण खडबडीत, दाणेदार तुटते. तळहातात दोन मिनिटे मळल्यावर ते लवचीक होते आणि बोटांना चिकटसर लागते. पॅराफिनचे पापुद्रे निघतात आणि हात तेलकट होतो. नखाने ओरखडा काढला तर पॅराफिनचा पांढरा भुगा पडतो, मेणावर नुसती रेघ उठते. काही आठवडे थंड जागेत ठेवलेल्या खऱ्या वडीवर पांढुरकी पावडर चढते. ती बुरशी नव्हे. फडक्याने पुसली किंवा हेअर ड्रायरची गरम हवा मारली की जाते. ही पावडर हे खरेपणाचे चांगले लक्षण आहे, आणि लोक नेमकी तीच पाहून माल परत करतात.

याहून खात्रीची चाचणी तरंगण्याची. खऱ्या मेणाची घनता ०.९५ ते ०.९७, पॅराफिनची साधारण ०.९. उभ्या पेल्यात सर्जिकल स्पिरिट घ्या, त्यात संशयित मेणाचा आणि खात्रीच्या मेणाचा असे वाटाण्याएवढे दोन तुकडे टाका. दोन्ही बुडतील. आता थेंबाथेंबाने पाणी घालत ढवळत राहा. पॅराफिन मिसळलेला तुकडा आधी वर येईल, शुद्ध तुकडा बराच पुढे. तुकड्याला बुडबुडे चिकटलेले असले तर निकाल खोटा येतो, म्हणून आधी तुकडा बोटांनी दाबून घट्ट गोळी करावी. शेगडीजवळ हा उद्योग करू नये. स्टिअरिक ॲसिडची भेसळ या चाचणीत सापडत नाही.

किलोच्या हिशेबाने घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागावा आणि त्यात दोन आकडे पाहावेत: आम्ल मूल्य (मोकळी आम्ले किती याचे माप) आणि एस्टर मूल्य (एस्टर किती याचे माप). युरोपी माशीच्या, म्हणजे मेलिफेराच्या, मेणाचे आम्ल मूल्य १७ ते २४ आणि एस्टर मूल्य ७० ते ८० च्या आसपास. पॅराफिनची दोन्ही मूल्ये शून्य, त्यामुळे ते मिसळले की दोन्ही आकडे एकदम खाली येतात. स्टिअरिक ॲसिड मिसळले की आम्ल मूल्य वर उडी मारते. इथे एक मेख आहे. आग्या आणि सातेरी या आपल्या माशांच्या मेणाचे आम्ल मूल्य मुळातच बरेच कमी, मेलिफेराच्या निम्म्याहूनही खाली असते. पण त्यांचे एस्टर मूल्य चढे असते. म्हणजे आम्ल कमी आणि एस्टर जास्त असेल तर माल देशी माशीचा. दोन्ही कमी असतील तर माल मेणबत्तीवाल्याचा. परदेशी तक्ता समोर ठेवून देशी मेणाला भेसळीचे ठरवणारे पुष्कळ भेटतात.

कुठे चालते

ओठ ही मेणाची हक्काची जागा. ओठांच्या त्वचेत तेलग्रंथी नसल्यासारख्याच, वरून जीभ फिरत राहते. नुसते तूप किंवा खोबरेल पाच मिनिटांत चाटून जाते. मेणाने घट्ट झालेले तेल टिकते. बर्ट्स बीज या अमेरिकी ब्रँडच्या ओळखीच्या लिप बामच्या घटकांत पहिले नाव मेणाचेच आहे, पण त्यात पेपरमिंटचे तेलही आहे. फुटलेल्या ओठांना ते झोंबते आणि त्या गारव्याला लोक गुण समजतात. ओठ सोललेले असतील तेव्हा बिनवासाचा बाम घ्यावा.

टाचांच्या भेगा ही दुसरी जागा. कोकणात आणि गोव्यात यावर कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, मुठेल किंवा भिरंडेल, वितळवून भरायची जुनी रीत आहे. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून भेगेत भरले की थिजून राहते. त्यात थोडे मेण मिसळले की चालताना सुटत नाही. मात्र क्रम महत्त्वाचा: पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात, मग टिपून, ओल असतानाच बाम, वर सुती मोजे. कोरड्या टाचेवर लावला तर कोरडेपणावरच झाकण बसते. आणि टाचेची कातडी जाड, पिवळट, टणक झाली असेल तर मेण ती पातळ करणार नाही. तिथे युरियाचे क्रीम लागते. रक्त येणारी खोल भेग आणि मधुमेह दोन्ही असतील तर घरगुती उपचारांचा विषयच नाही.

वारंवार भांडी घासणाऱ्या, सिमेंट किंवा साबण हाताळणाऱ्या हातांनाही मेणाचा थर उपयोगी पडतो. आयुर्वेदात मेणाला ‘सिक्थ’ म्हणतात. सिक्थ तेलात एक भाग मेणाला पाच ते सहा भाग तिळाचे तेल असते आणि बऱ्याच मलमांचा तोच पाया. जात्यादि घृतात आणि पिंड तेलातही सिक्थ आहे. तिथेही औषधाचे काम जाई, हळद, मंजिष्ठा करतात. मेण त्यांना जागेवर धरते.

व्हॅसलीनशी तुलना अटळ आहे, तर स्पष्ट सांगायचे: त्वचेतली ओल अडवण्यात पेट्रोलियम जेली मेणापेक्षा सरस आहे, स्वस्त आहे आणि तिची ॲलर्जी फार विरळा. मेण जिंकते ते टिकण्यात आणि कडकपणात. कांडी करायची असेल, घामात राहायला हवे असेल, खनिज तेल नको असेल तर मेण. रात्री झोपताना नुसती ओल राखायची असेल तर जेली पुरते.

मध, मेण आणि ऑलिव्ह तेल समभागात घेऊन एक्झिमा आणि सोरायसिसवर केलेला २००३ चा एक छोटा अभ्यास जाहिरातींत फार फिरतो. मिश्रणाने फरक पडला तरी श्रेय तिघांतल्या कोणाचे ते त्यातून कळत नाही.

कुठे अंगाशी येते

चेहरा. मेण स्वतः छिद्रे फारशी बुजवणाऱ्यांत गणले जात नाही, पण ते पाण्याने आणि साध्या फेसवॉशने निघत नाही. आज लावलेल्या थराखाली कालचे तेल, धूळ आणि घाम. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आठवडाभरात कपाळावर बारीक पुळ्या दिसल्या तर नवल नाही. तेलकट किंवा मुरुमांच्या चेहऱ्याला मेणाचे क्रीम घेऊच नये. घेतलेच तर रात्री तेलाने पुसून मग धुवावे.

काख, जांघ, स्तनांखालची घडी इथे मेण म्हणजे पावसाळ्यात बंद खोली. गजकर्ण किंवा नायटा असेल तर त्यावर मेणाचे मलम लावणे म्हणजे बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही पुरवणे. ताज्या भाजलेल्या जागेवरही नको, उष्णता आत कोंडते आणि नंतर साफ करताना कातडी सोलवटते.

ॲलर्जी बहुधा शुद्ध मेणाची नसते, त्यात राहिलेल्या प्रोपोलिसची असते. बाम लावल्यापासून ओठांच्या कडा लाल, खाजऱ्या, सोललेल्या राहतात, माणूस आणखी बाम लावतो आणि चक्र सुरू राहते. मधमाशी चावल्यावर सूज येणाऱ्याला मेणाचीही ॲलर्जी असेल असे नाही, ती प्रथिने वेगळी. नवीन बाम कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहावा. एका रात्रीची चाचणी पुरत नाही, कारण ही प्रतिक्रिया उशिरा उमटते.

आणखी एक गोष्ट डब्यावर कधीच लिहिलेली नसते. मेलिफेराच्या पेट्यांत वरोआ ही माशांच्या अंगावरची परजीवी माइट मारायला वापरलेली फ्लुव्हॅलिनेट, कुमाफॉससारखी औषधे तेलात विरघळणारी असतात आणि मेणात साठत जातात. जुने पोळे पुन्हा पुन्हा वितळवले तर साठा वाढतो. त्यामुळे ‘परदेशी’ म्हणजे शुद्ध हे समीकरण इथे चालत नाही.

घरी करायचे तर

स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजू नका. किसलेले मेण आणि दाणे यांचा एक चमचा वजनात सारखा भरत नाही, आणि बाम बिघडण्याचे पहिले कारण हेच. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा हवा.

ओठांच्या कांडीसाठी १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम मेण, २८ ग्रॅम कोकम तेल, ५० ग्रॅम तिळाचे किंवा बदामाचे तेल, आणि अर्धा ग्रॅम ई जीवनसत्त्व. ते त्वचेसाठी नाही, तेल खवट होऊ नये म्हणून. विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ही कांडी पर्समध्ये लोळते. तिथे मेण २५, कोकम तेल २५, तेल ४७ आणि कार्नाउबा (एका ताडाच्या पानांचे कडक मेण) ३ ग्रॅम घ्यावे. कार्नाउबा ८२ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून थोडेच पुरते. जास्त झाले तर कांडी ओठांवर ओरखडते. टाचांच्या डबीसाठी मेण १५, कोकम तेल २५, तिळाचे तेल ६०.

पातेल्यात पाणी तापवून त्यात स्टीलचे भांडे ठेवावे. लोखंड, पितळ, तांबे नको. मेणातली आम्ले धातूशी क्रिया करतात आणि रंग काळपट-हिरवट होतो. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. आधी ते एकटे वितळवावे, मग तेल कोमट करून घालावे. थंड तेल एकदम ओतले की मेणाच्या गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण वितळेपर्यंत थांबावे लागते. ७५ अंश पुरेत. ८५ च्या पुढे रंग आणि वास दोन्ही बिघडतात. थेट आचेवर कधीच नको, आणि मेण पेटलेच तर पाणी टाकू नका, ताट झाकून आच बंद करा.

ओतण्याआधी एक थेंब थंड चमच्यावर टाकून दोन मिनिटांनी बोट दाबून पाहावे. कडक वाटला तर तेल, मऊ वाटला तर मेण, तेही एकेका ग्रॅमने. नळीत ओतल्यावर मध्ये खड्डा पडतो, कारण थिजताना मेण आकसते. नळी नव्वद टक्के भरावी, वर साय धरली की उरलेले गरम मिश्रण ओतावे. चार दिवसांनी बाम रवाळ झाला तर दोष मेणाचा नसून घट्ट तेलाचा असतो. कोकम तेल किंवा शिया बटर हळूहळू थिजले की त्यांचे मोठे स्फटिक होतात. पुन्हा पूर्ण वितळवून या वेळी दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवले की गुळगुळीत होतो.

सगळ्यात जास्त फसगत गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घालण्यात होते. मेण आणि पाणी आपणहून एकजीव होत नाहीत. घुसळताना मलईसारखे दिसते, दोन दिवसांत पाणी सुटते, आठवड्यात बुरशी. जुन्या कोल्ड क्रीममध्ये तेल-पाणी एकजीव करण्याचे काम टाकणखार (बोरॅक्स) करतो: मेणातल्या मोकळ्या आम्लांशी त्याचा साबण होतो आणि तो तेल-पाणी धरून ठेवतो. पण इंग्रजी कृतींत मेणाच्या पाच-सहा टक्के टाकणखार सांगतात, तो मेलिफेराच्या आम्ल मूल्यावर. आग्या-सातेरीच्या मेणात तेवढा खपत नाही. उरलेला टाकणखार क्रीममध्ये खरखरीत स्फटिक होऊन बसतो. देशी मेणासाठी निम्म्यापासून सुरुवात करावी. शिवाय असे क्रीम अल्कधर्मी असते, तुटलेल्या कातडीवर आणि लहान मुलांना नको. युरोपात तर प्रसाधनांत टाकणखारावर बंदी आहे. पाणी असलेल्या कोणत्याही क्रीमला परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागतोच, ई जीवनसत्त्व ते काम करत नाही. घरी करायचे असेल तर बिनपाण्याचा बामच करावा, हे आमचे ठाम मत.

कच्चे पोळे मिळाले असेल तर ते भरपूर पाण्यात मंद आचेवर वितळवून मलमलीच्या फडक्यातून गाळावे आणि भांडे गुंडाळून रात्रभर सावकाश निवू द्यावे. सकाळी वर वडी तरंगते, तिच्या तळाचा गाळ सुरीने खरवडायचा. बोअरचे जड पाणी वापरले की वडीखाली स्पंजासारखा राखाडी थर येतो. पावसाचे किंवा गाळणीयंत्राचे पाणी घ्यावे, किंवा लिटरमागे चमचाभर व्हिनेगर टाकावे.

शाकाहारी-वीगन पर्याय म्हणून कँडेलिला या झुडपाचे मेण मिळते. ते जवळजवळ दुप्पट कडक असल्याने मेणाच्या निम्मे वजन पुरते. घडण चांगली येते, पण ओठांवर ते मधमेणासारखे लवचीक बसत नाही, किंचित काचेसारखे वाटते.

काम झाले की भांडे गरम असतानाच रद्दी कागदाने पुसून काढावे आणि मगच साबण लावावा. उकळते पाणी ओतून मेण मोरीत सोडले तर पुढच्या वळणावर ते थिजते, आणि मग प्लंबरला बोलवावे लागते.